मोटारीच्या तोंडाला तांब्याचं झाकण

जुन्नरच्या बाजारात कासमभाईंसारखा भांडी सांधणारा कारागीर दुसरा नव्हता. हे मत खुद्द कासमभाईंचं. त्यामुळे तालुक्यातली एकुलती एक मोटार दारात उभी राहिली, तरी ते जराही गडबडले नाहीत.

"पाण्याच्या टाकीच्या तोंडाचे आटे झिजलेत," मोटारीचे मालक भगवंतराव इनामदार म्हणाले. "खड्डा आला की झाकण उडतं, अन् कढत पाणी थेट अंगावर."

"फिरकीचे तांबे करण्यात आमची हयात गेली, इनामदार. ह्ये बी एक तोंडच की."

मजुरी म्हणून त्यांनी एकच मागितलं: मोटारीत बसून भर बाजारातून जायचं. चांदबीनं, म्हणजे बायकोनं, ते डोळ्यांनी बघायला हवं होतं. तीस वर्षं तिनं नवऱ्याला भात्यापुढे उकिडवाच पाहिला होता.

काम देखणं झालं. झिजलेलं तोंड कापून तिथे नव्या तांब्याची मान बसवली. पाणी भरलं, झाकण फिरवून आवळलं आणि त्याच्याभोवतीही कथिलाचा डाग फिरवला. भीमाशंकरच्या तीर्थाचे गडू ते असेच कायमचे बंद करून देत. हाताला सवय, डोक्याला विचारतो कोण!

"आधी घोडेगावच्या वाटेनं चालवून बघू, बाजारात मग," इनामदार म्हणाले.

खड्डे आले, गेले. थेंब सांडला नाही. कासमभाई ताठ बसले होते. मग चढ लागला, टाकी उकळली, बाजूच्या नळीतून वाफ सुटली. इनामदारांनी ओढ्याचं पाणी आणलं. झाकण हलेना. कासमभाईंनी फडकं गुंडाळून जोर लावला, आणि तेव्हा कुठे झाकणाभोवतीचं ते कथिलाचं चकचकीत कडं त्यांना दिसलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

"तापल्या सळईबिगर न्हाई निघायचं," ते पुटपुटले.

"सळई कुठंय?"

"दुकानात."

शेतातून बैल घेऊन निघालेला सयाजी थांबला. "पावणं, ही बिनबैलाची गाडी व्हती ना?" असं विचारून त्यानं बैल जुंपले.

वेशीशी इनामदारांना अचानक काम आठवलं. ते उतरून आडवाटेनं गेले, आणि चाक कासमभाईंच्या हाती आलं. भर बाजारातून मोटार निघाली. कासमभाईंनी मान खाली घातली होती, पण दारात चांदबी उभीच होती. तिनं सयाजीला बैल थांबवायला लावले.

"म्या उगाच मोटारीला भीत व्हते," ती म्हणाली. "चाल तर आपल्या छकड्यावानीच हाय."

आणि पदर सावरून ती शेजारी चढून बसली.