आठवीतलं डुक्कर

बकहॉर्न गावात रॉइस हेल्शरच्या पशुखाद्याच्या दुकानावर एक भलीमोठी पाटी आहे. एरवी तिच्यावर मक्याचा आणि पेंडीचा भाव असतो. एप्रिलमध्ये एका सकाळी भाव गायब झाले आणि त्या जागी हातभर उंच अक्षरं झळकली: 'आमची डिलेनी, हायस्कुलात पहिली!'

निकाल अजून लागायचा होता, पण असल्या किरकोळ गोष्टी रॉइसच्या कधीच आड येत नसत.

"डॅडी, अजून काही जाहीर झालेलं नाही," डिलेनी म्हणाली.

"उद्या सूर्य उगवणार हेही कुणी जाहीर करत नाही."

त्याच्या खात्रीला कारण होतं. हायस्कूल नववीपासून, पण हुशार मुलं हायस्कूलचे एकदोन विषय आठवीतच उरकतात. ज्या सरासरीवरून बारावीच्या शेवटी पहिला नंबर ठरतो, तिच्यात ते मार्क धरायचे की नाही, यावर डिलेनी नववीत असताना शाळेच्या बोर्डात मोठा घोळ चालला होता. डिलेनीला आठवीत बीजगणितात नव्व्याण्णव होते. ते फुकट जाणार म्हटल्यावर रॉइसचं पित्त खवळलं. भर सभेत टोपी काढून तो उभा राहिला. "पोरांनी घाम गाळून मिळवलेला मार्क तो मार्क. आठवीतला असो की बारावीतला, एकूण एक मोजा!" टाळ्या पडल्या, नियम झाला, आणि गाव त्याला 'रॉइसचा नियम' म्हणू लागलं. ते शब्द कानावर आले की रॉइस नकळत मिशीवरून हात फिरवी.

मे महिन्यात शाळेच्या समुपदेशक झापालाकबाईंनी त्याला बोलावून घेतलं.

"बस, रॉइस. डिलेनी दुसरी आलीय."

"मग पहिली कोण?"

"लूपे कान्तू. केसभर फरकाने. तिने आठवीत स्पॅनिश घेतलं होतं, पैकीच्या पैकी."

"अहो, ती घरी आजीशी स्पॅनिशच बोलते! त्याचे कसले मार्क?"

"एकूण एक मोजा, असं कोण म्हणालं होतं?"

"आणि आमचं बीजगणित?"

"मोजलं ना. पशुपालनही मोजलं. डिलेनीने आठवीत तेही घेतलं होतं. चौऱ्याहत्तर."

रॉइसच्या आजोबांपासून चालत आलेलं पशुखाद्याचं दुकान, आणि त्याच घरातल्या मुलीला पशुपालनात चौऱ्याहत्तर! गावभर झालं तर लोक त्याच्याकडून कोंबडीचे दाणेसुद्धा घेणार नाहीत.

तो तडक शाळेच्या गोठ्यावर गेला. पशुपालनाचे शिक्षक प्रुइट कुंपणाला टेकून उभे होते.

"तू माझ्या पोरीचं वाटोळं केलंस, प्रुइट."

"मी? परीक्षेत विचारलं होतं, डुकराला रोज किती खुराक द्यायचा हे कसं ठरवशील? पोरीने लिहिलं, भांडं भरून ठेवायचं, डुकराला आपलं पोट कळतं."

"बरोबरच आहे की."

"तुझ्या गल्ल्यासमोर उभा राहून हे वाक्य मी किती वर्षं ऐकतोय. आणि तिचं बिस्किट आठवतं का?"

बिस्किट म्हणजे डिलेनीने त्या वर्षी जत्रेच्या स्पर्धेसाठी पाळलेलं डुक्कर. वजनकाट्यावर चढवलं तेव्हा ते स्पर्धेच्या मर्यादेच्या इतकं पुढे गेलेलं निघालं की पंचांनी त्याला दारातूनच घरी पाठवलं.

"तू तेव्हा काट्यालाच नावं ठेवलीस," प्रुइट म्हणाले.

"काटा खराबच होता."

बोर्डाच्या पुढच्या सभेत रॉइस पुन्हा टोपी काढून उभा राहिला. "आठवीतलं लेकरू ते! त्या वयातले मार्क कुणी धरतं का?" सगळे एकमेकांकडे बघू लागले. मागच्या रांगेतून डिलेनी उठली.

"डॅडी, चला घरी. पहिला नंबर लूपेने कमावलाय. माझ्यासाठी तो तिच्याकडून काढून घेतलात, तर मला वर्गात तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

रॉइस टोपी चढवून निघाला. गाडीत बसल्यावर तो पुटपुटला, "तुला भाषण करायचं होतं गं."

"दुसरीचंही असतं, स्वागताचं. आणि ते पहिलीच्या आधी असतं."

तेव्हा त्याला मुलीचा जो अभिमान वाटला, तो पाटी लावतानाही वाटला नव्हता.

समारंभ फुटबॉलच्या मैदानावर झाला. डिलेनी माइकसमोर आली. "सर्वांचं स्वागत. आधी आभार माझ्या वडिलांचे. हा दुसरा नंबर मला एकटीला जमला नसता. नियम त्यांचा होता आणि परीक्षेतलं उत्तरही त्यांचंच." अख्खं मैदान हसलं. रॉइसने टोपी डोळ्यांवर ओढली. "पण त्यांनी कधी कुणाला मोजूनमापून वाढलं नाही. बिस्किटला नाही, आणि मलाही नाही."

रॉइस उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि बायकोने शर्ट ओढला तरी बसत नव्हता.

सोमवारी पाटीवर 'आमची डिलेनी, दुसरी!' अशी अक्षरं चढली, पहिल्यापेक्षाही मोठी. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याच्या भाचीने शाळेसाठी डुक्कर पाळायला घेतलं होतं. खुराक किती द्यायचा, त्याने विचारलं.

"भांडं भरून ठेव," रॉइस म्हणाला. "डुकराला आपलं पोट कळतं."

मग इकडेतिकडे बघून त्याने आवाज खाली आणला.

"फक्त पोरीला सांग, परीक्षेत असं लिहू नकोस."