हस्केलकाकांचा लांडगा

हस्केलकाका कोणालाही नावानं हाक मारत नाहीत. चिडले की त्यांच्या काचेच्या खिडकीतल्या एखाद्या वंशाच्या नावानं हाक मारतात, आणि ते कायम चिडलेलेच असतात. मी त्यांच्या लेखी इस्साखार. इस्राएलाच्या बारा वंशांपैकी हा एक, आणि त्याची खूण गाढव. बँकेत ऑफिसर आहे हो मी!

काका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले आणि घराच्या पश्चिमेच्या भिंतीत रंगीत काचांची खिडकी करायला बसले. बारा वंश, बारा तावदानं. यहूदाचा सिंह, दानाचा साप, नफतालीची हरिणी. काच कापायची, शिशाच्या पट्टीत बसवायची आणि हे करताना सगळ्या आळीचा उद्धार करायचा. दुपारची झोप आम्ही विसरलोय.

वर कोणी काही बोलायची सोय नाही. आशेरच्या तावदानात ऑलिव्हचं झाड हवं. ते उघड उघड काजूचं झालंय. तसं म्हटल्यावर काका अंगावरच आले. "ऑलिव्ह काय लांज्याला पिकतो, की जाऊन बघून येऊ? गप बस, इस्साखार!"

जबुलूनची खूण जहाज. शेजारचे हमीदचाचा जन्मभर बोटीवर होते. त्यांनी मान वाकडी करून शीड बघितलं.

"हस्केल, हा जहाज बुडणार बघ."

"बुडालाच होता, मेल्या! म्हणून तर आमचे पूर्वज पोहत कोकणात आले!"

चाचा हसता हसता खोकायला लागले. त्यांनाही काकांनी हाकलून दिलं.

अकरा तावदानं झाली, घोडं अडलं ते बाराव्यापाशी. बन्यामीन, बाराही वंशांचा बाप जो याकोब, त्याचा धाकटा. खूण लांडगा. हा लांडगा वर्षानुवर्षं फुटतोय. आतून खळकन आवाज येतो, मागोमाग आरोळी, "फुटला मेला! पुन्हा फुटला!" ऐकून माझं डोकं उठतं. सिंह जमतो, हरिणीचे नाजूक पाय जमतात, मग हा लांडगाच तेवढा कसा जमत नाही?

काकांची मुलगी सारा इस्राएलमध्ये असते. तिनं बापासाठी खोली तयार ठेवलीय. "खिडकी पुरी झाली की येतो," असा काकांनी तिला शब्द दिलाय. ती बिचारी मला फोन करते. "दादा, अजून किती लागेल? माझी मुलं आजोबांना फक्त फोनवर बघतात हो." परवा तर ती रडलीच. मला काकांचा असा संताप आला, की शुक्रवारी कलत्या दुपारी मी भांडायलाच गेलो.

दार उघडं होतं. काका पाठमोरे उभे. हातात बन्यामीन, पुरा झालेला. राखाडी काचेचा लांडगा, मान वर केलेली, डोळा पिवळाधमक. इतका देखणा, की मी भांडण विसरलो. काकांनी तो उन्हात धरून पाहिला, फडक्यानं पुसला आणि फरशीवर सोडून दिला. मग रस्त्याकडे तोंड करून ओरडले, "फुटला मेला!"

वळले, तर दारात मी.

"मुद्दाम फोडता?" माझा आवाज चढला. "पोर तिकडे डोळे लावून बसलीय. लाज नाही वाटत?"

आता हातोडी येणार असं मला वाटलं. काका खुर्चीत बसले.

"रेबेका इथं आहे ना रे," ते म्हणाले. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली. "आमची माणसं सगळी गेली तिकडे. मी पण गेलो, तर कब्रस्तानात तिच्याजवळ कोण जाईल? आणि पोरीला येत नाही म्हणायला तोंड होत नाही."

"मी जाईन की. गवतबिवत काढीन."

"गवत काढशील. तिच्याशी बोलशील काय?"

 सूर्य मावळला की शब्बाथ, मग त्यांच्या घरात काम बंद; त्याच्या आत काचा उचलायला हव्या होत्या, म्हणून मी केरसुणी घेतली. तेवढ्यात माझा फोन वाजला. सारा. काका माझ्याकडे बघत राहिले. त्या तोंडातून आज एक शिवी निघेना.

"दादा, झाला का लांडगा?"

"कसला होतोय!" मी तिच्यावरच डाफरलो. "तुझ्या बापाला नाही जमत तो, जमणारही नाही. सुट्टी लागली की पोरांना घेऊन तूच ये इकडे."