मामांची खुर्ची उन्हात

पाबळला हौसरावांच्या दारात जीप थांबली आणि त्याच क्षणी पोपटरावांचा मोबाईल बंद पडला. पोपटरावांनी बटण दाबलं, दाबून धरलं, दोन चापट्या मारल्या, तरी पडदा काळाच. खुटबावपासून दोन तास त्यांनी जीपमधल्या माणसांना कुस्त्यांचे व्हिडिओ दाखवले होते. कुणी "मामा, बॅटरी संपंल" म्हणालं की ते छाती काढून सांगत, "संपंल कशी? सूर्य संपल्यावर संपंल."

कारण त्यांच्या अंगात सोलरचं जाकीट होतं. मोबाईलवर जाहिरात बघून मागवलेलं. पाठीवर दोन काळ्या चकचकीत पाट्या आणि अस्तराखालून आतल्या खिशात येणारी वायर. पाठीवर ऊन पडलं की खिशातला मोबाईल चार्ज होतो, एवढीच त्याची विद्या. आता जीपच्या सीटला पाठ टेकून बसलेल्या माणसाच्या पाठीवर ऊन कुठून पडणार, हे जाहिरातीत सांगितलेलं नव्हतं आणि पोपटरावांना सुचलं नव्हतं.

तसं सुपारी फोडायला आलेल्या माणसाला मोबाईल हवाच असं नाही. भाचा पप्पू याचं लग्न ठरत होतं. त्याचे वडील गेल्यापासून बहीण सोजराबाईच्या घरात मामाचा शब्द शेवटचा, आणि आज मांडवात बसून मान डोलावली की मामाचं काम संपणार होतं. पण पोपटरावांचा जीव खुटबावात अडकला होता. उसाला पाणी लावून ते मोटर चालू ठेवून आले होते. ती मोटर स्टार्टरच्या सिमवर मोबाईलवरून कॉल केला की बंद व्हायची, तीही फक्त त्यांच्याच नंबरवरून. एक वाजता पाणी शेवटच्या सरीला पोचणार, आणि बांधाच्या पलीकडे काढून पसरलेला कांदा होता. तो कांदा सखूबाईंचा. बायकोने चार महिने कंबर मोडून पिकवलेला. सकाळी त्या दोनदा म्हणाल्या होत्या, "अवो, मोटर बंद करून निघा." आणि पोपटराव दोन्ही वेळा म्हणाले होते, "केली."

निघताना सखूबाईंनीच उशीर केला. सगळे जीपमध्ये बसले तरी त्या विहिरीकडून पदर खोचत सावकाश आल्या, तेव्हा पोपटरावांनी त्यांना सगळ्यांदेखत दोन शब्द सुनावले होते. आता मोटरीचं तोंडातून काढायची सोय नव्हती. दुसऱ्याच्या फोनवरून शेजाऱ्याला सांगावं, तर स्टार्टरचा नंबर, शेजाऱ्याचा नंबर, सगळे ह्याच मोबाईलच्या पोटात. त्यांना पाठ असा एकच नंबर होता, तो स्वतःचा. पाबळच्या त्या आळीचा डीपी सकाळीच जळाला होता, त्यामुळे घरात लाईट नव्हती. जीप तेवढ्या वेळात दुसऱ्या भाड्याला निघून गेली. सव्वाअकरा झाले होते. पोपटराव अंगणाच्या मधोमध सूर्याकडे पाठ करून उभे राहिले.

"मामा, आत चला की. गादी टाकलीय तुमच्यासाठी," मुलीचे वडील हौसराव हात जोडून म्हणाले.

"न्हाई, हितंच बरं हाय."

"उन्हात?"

"उन्हातच बरं हाय."

हौसरावांचा चेहरा खर्रकन उतरला. नवरदेवाचा मामा मांडवात पाय ठेवत नाही आणि 'हितंच बरं हाय' म्हणतो, याचा अर्थ आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मामा रुसला. हौसराव आत गेले आणि मांडवात कुजबुज सुरू झाली.

"टावेल-टोपी आधी कुणाला दिली?" हौसरावांची बहीण रंभा हिने चौकशी लावली.

"जीपमधनं पहिला उतरला त्याला."

"त्यो ड्रायव्हर व्हता! मामाच्या आधी ड्रायव्हरला मान? मग रुसंल न्हाईतर काय करंल!"

रंभाआत्या स्वतः चहा घेऊन बाहेर आल्या. पोपटरावांच्या कपाळावरून घाम गळत होता, जाकिटाच्या आत तर विहीर फुटली होती. वाफाळलेला कप बघूनच त्यांना घेरी आली.

"चहा नको," ते म्हणाले. "घशाखाली जायचा न्हाई."

रंभाआत्या कप तसाच घेऊन परतल्या. मुलीकडच्या चहाला नको म्हटलं म्हणजे सोयरिकीलाच नको म्हटलं. मांडवातले दोन म्हातारे चप्पल शोधू लागले.

मग समजूत काढायला एकेक जण येऊ लागला. एकाने लिंबाखाली खुर्ची मांडली, पोपटरावांनी ती ओढत उन्हात नेली. एकाने छत्री धरली, पोपटराव बाजूला सरकले. छत्रीही सरकली, तसे पोपटराव आणखी सरकले. दोघांची अशी अंगणाला एक प्रदक्षिणा झाली. शेवटी पोपटराव भडकले. "आरं बाबा, सावली नको मला! कितीदा सांगू?" छत्रीवाला घाबरून छत्री उघडीच टाकून आत पळाला.

बारा वाजले तसा सूर्य डोक्यावर आला आणि नवीनच पंचाईत उभी राहिली. चैत्रातलं ऊन. उभ्या माणसाच्या टोपीवर पडतं, पाठीवर नाही. पोपटरावांनी थोडा विचार केला, गुडघ्यांवर हात टेकले आणि कमरेत वाकून पाठ आभाळाला दाखवली.

"रडायला लागला गं माझा दादा!" आतून सोजराबाई ओरडली.

आता मात्र हौसरावांचा धीर सुटला. त्यांनी ट्रंकेतून ठेवणीतली शाल काढली, ताटात नवा टॉवेल, टोपी, नारळ मांडला आणि ते नऊ माणसं घेऊन अंगणात आले. वाकलेल्या पोपटरावांना फक्त वीस पावलं दिसली.

"मामा, चूक झाली. पदरात घ्या," म्हणत हौसरावांनी शाल उघडली आणि मोठ्या मायेने पोपटरावांच्या पाठीवर पांघरली. दोन्ही पाट्या झाकल्या गेल्या.

"आरं काढ ते!" म्हणत पोपटराव ताडकन उभे राहिले आणि खांदे झटकले. शाल मातीत पडली.

मानाची शाल मातीत, म्हणजे आता बोलायचंच काही उरलं नाही. पप्पू मांडवाच्या दारात पांढराफटक पडला होता. सोजराबाई धावत आली आणि तिने भावाचा हात धरला.

"दादा, माझ्या पोराची सोयरीक मोडतूस व्हय रं? मला कळतंय तू का रुसलाय ते! जीपमधी तू म्हणला व्हतास, पोरीला नोकरी सोडाय लावू नका. म्या ऐकलं न्हाई, अट घातली. चुकले मी! करू दे तिला रांजणगावची नोकरी. जल्मभर करू दे! पण तू आत चल."

जीपमध्ये पोपटराव असं म्हणाले होते खरं, पण व्हिडिओ लोड होईपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून. त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त पाणी होतं, शेवटच्या सरीतून बांधाकडे निघालेलं.

"किती वाजलं?" त्यांनी विचारलं.

"मुहूर्त इचारत्यात!" कुणीतरी आनंदाने ओरडलं. "साडेबारा, मामा!"

तेवढ्यात गर्दीतून एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली. अनिता, म्हणजे नवरीच. रांजणगावच्या कारखान्यात ती वायरिंगच्या लाईनवर होती. तिने तांब्या दिला आणि पोपटरावांच्या जाकिटाकडे एकदा नीट पाहिलं.

"मामा," ती अगदी हळू म्हणाली, "वायरची पिन भाईर लोंबतीय. मोबाईलला लागलीच न्हाई."

पोपटरावांनी खिशात हात घातला. सव्वा तास त्यांनी पाठ भाजून घेतली होती ती या लोंबत्या पिनेसाठी. रडू यायचंच बाकी होतं. अनिताने पदराआड पिन बसवली, पाठीवरची घडी सरळ केली आणि मोठ्याने म्हणाली, "मामा धा मिन्टं इसावा घेत्यात. तोवर कुणी बोलू नका त्यांच्याशी."

दहा मिनिटांची वीस झाली. अंगण चिडीचूप. एकाला दहा कमी असताना मोबाईलने डोळे उघडले. पोपटरावांनी स्टार्टरला कॉल लावला. पलीकडून रेकॉर्डमधली बाई शांतपणे म्हणाली, "मोटर बंद आहे. फ्यूज तपासा." आणि मोबाईल पुन्हा मेला.

"बंद हाय!" पोपटराव आनंदाने ओरडले. मग त्यांना शब्द नीट कळले. फ्यूज? मोटर तर ते चालू ठेवून आले होते. ते हळूहळू वळले. तुळशीकट्ट्याशी, लिंबाच्या सावलीत सखूबाई बसल्या होत्या. सव्वाअकरापासून तिथेच होत्या. त्यांनी मांडीवरची कापडी पिशवी किंचित उघडून नवऱ्याला दाखवली. आत पानसुपारीच्या बटव्याशेजारी मोटरीचे तिन्ही फ्यूज होते.

पोपटराव कट्ट्याजवळ गेले. "मंजी तू निघतानाच..."

"तुम्ही 'केली' म्हणला की मी जाऊन बघती. बावीस वर्सं झाली."

"आन् मला हितं भाजू दिलं?"

"तुम्ही इचारलं कुठं? म्हणलं, जाकीट चालतंय का ते तरी कळंल."

पोपटरावांनी शाल उचलली, माती झटकली, स्वतःच्या हाताने खांद्यावर घेतली आणि मांडवाकडे निघाले. सारं अंगण बाजूला सरलं.

"मामा, आता मनात काय न्हाई ना?" हौसरावांनी भीत भीत विचारलं.

"पोरीची नोकरी राह्यली. मग आपलं काय म्हणणं न्हाई," पोपटराव म्हणाले. अनिताने तोंडावर पदर धरला. ती हसत होती, पण लोकांना वाटलं पोरीला भरून आलं.

सुपारी फुटली. पोपटरावांनी सावलीत बसून एकामागून एक तीन कप चहा घेतला. म्हातारे एकमेकांना सांगत होते, आजकाल असा मामा मिळत नाही, सुनेच्या नोकरीसाठी उन्हात उभा राहणारा. मग याद, म्हणजे मानपानाची कलमवार यादी, लिहायला घेतली. लग्न मे महिन्यात, पाबळलाच. हौसरावांनी वही गुडघ्यावर ठेवली, चष्मा लावला आणि पुन्हा चूक नको म्हणून पहिलं कलम लिहून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं:

"नवरदेवाचे मामा. खुर्ची एक. मांडवाच्या बाहेर, उन्हात."

पोपटरावांनी तोंड उघडलं. सखूबाईंनी पिशवी जराशी हलवली. आत फ्यूज खडखडले. पोपटरावांनी तोंड मिटलं आणि मान डोलावली.