प्रल्हादरावांचा जुना सूर्य

मराठवाड्यात सूर्याचा चोख हिशेब ठेवणारं एकच घराणं होऊन गेलं. हे मला अत्यंत खात्रीलायक माणसाकडून कळलं आहे. तो माणूस त्याच घराण्यातला आहे, आणि त्याच्याशिवाय असं म्हणणारं दुसरं कुणी मला अजून भेटलेलं नाही.

प्रल्हादराव वैजापूरकर गारखेड्यात माझ्या शेजारी राहतात. शाळेत चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले. निवृत्त माणसं सकाळी सूर्याला अर्घ्य देतात, नाहीतर त्याच्या नावानं नमस्कार घालून कंबर धरून बसतात. प्रल्हादराव सूर्यापुढं कधी वाकल्याचं कुणी पाहिलेलं नाही. ते त्याच्यावरचे डाग मोजतात. तेही आजच्या सूर्यावरचे नाहीत.

"आजच्या सूर्याकडं बघायला सगळी दुनिया बसलीय," ते म्हणतात. "कालच्याला कोण वाली आहे?"

कालचा सूर्य म्हणजे त्यांच्या वडिलांच्या वेळचा. वडील निजामाच्या अमदानीत शाळामास्तर होते. गुलमंडीजवळच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर ते रोज सकाळी दुर्बिणीतून सूर्याचं बिंब कागदावर पाडत, त्यावर दिसणारे काळे डाग पेन्सिलीनं टिपत आणि खाली सही करत. आभाळ असलं की वर्तुळ कोरं ठेवून त्यात उर्दूत 'अब्र', म्हणजे ढग, असं लिहीत. पुढं निजाम गेला, अब्र राहिलं. वडील वारल्यावर हे सगळे कागद पत्र्याच्या पेट्यांत पडून होते. निवृत्तीनंतर प्रल्हादरावांनी पेट्या उघडल्या, एक स्कॅनर आणला आणि जुना सूर्य कॉम्प्युटरवर चढवायला घेतला. परदेशातली एक संस्था जगभरच्या अशा नोंदी गोळा करते. तिच्या यादीत वडिलांचं नाव लागावं, एवढ्या एका गोष्टीवर या माणसाचं म्हातारपण चाललं होतं.

"लोकांच्या घरी सूर्य उगवतो," त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, सांगायच्या. "आमच्या घरी तो जेवायच्या टेबलावर पसरलेला असतो. आम्ही जेवतो खाली."

एकदा संस्थेनं विचारलं, कागदावरचं वर्तुळ नेमकं केवढं? वडील ताटलीभोवती पेन्सिल फिरवून वर्तुळ काढत. ताटली अजून घरात होती. प्रल्हादरावांनी तिच्यातली चटणी वाटीत काढून ठेवली, ताटली पुसली आणि सूर्याचा व्यास परदेशी कळवला.

ते दिवस दुष्काळाचे होते. गारखेड्यात मोकळ्या प्लॉटवर रोज नवी इमारत उठत होती आणि तिच्या नळाला पाणी कुठून येणार हे विचारणं अशुभ मानलं जात होतं. आम्ही सगळे टँकरच्या रांगेत हंडे घेऊन आभाळाकडं बघत असू. अशा रांगेत एकदा प्रल्हादराव उजळलेल्या चेहऱ्यानं आले.

"काय सांगू! पेटीत एक अख्खं साल सापडलं. पावसाळ्यातसुद्धा एक अब्र नाही. रोजचा सूर्य! काय देखणं साल आहे!"

रांगेत शिंदे होते. गंगापूरकडचे, शेती तिकडं, नोकरी इकडं. ते म्हणाले, "सर, असल्याच साली आमच्या आज्यानं बैलं इकली."

"इकली असतील. पण नोंद बघा की! एक दिवस खाडा नाही."

शिंद्यांनी हंडा खाली ठेवला. "यांना आधी लाईनीतून भाईर काढा रे. यांना पाणी नाय लागत, ऊन लागतंय."

प्रल्हादरावांना याचा राग आला नाही. ज्या गोष्टीची नोंद नाही तिचा ते राग धरत नाहीत. "नोंद आहे का?" हा त्यांचा कायमचा सवाल. दूधवाला म्हणाला, काल दूध देऊन गेलो, तर नोंद आहे का? काकू म्हणाल्या, तुम्ही मला महाबळेश्वरला नेणार होता, तर नोंद आहे का? तिथं मात्र काकूंकडं नोंद असायची.

नोंदीनं त्यांना एकदाच दगा दिला. एका महिन्याच्या कागदांवर त्यांना एक असा प्रचंड डागसमूह सापडला की तो जगात कुणाला दिसला नव्हता. आठवडाभर ते जमिनीपासून वीतभर उंच चालत होते. अडचण एकच होती. सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्यामुळं त्यावरचे डाग रोज थोडे थोडे पुढं सरकतात. हे जागचे हलत नव्हते. मी कागद हातात घेतला आणि नखानं खरवडला. डागसमूह टेबलावर पडला. माश्यांनी पेटीत आपली नोंद करून ठेवली होती.

तोवर कुठल्याशा प्रतिष्ठानानं त्यांचा सत्कार ठरवून टाकला होता. अध्यक्षांनी त्यांना सूर्योपासक म्हटलं, शाल घातली, त्या उन्हात ती काढूही दिली नाही, आणि शेवटी आवाहन केलं, की सूर्यावरचे हे डाग पुसून काढण्यासाठी तरुण पिढीनं पुढं यावं. टाळ्या झाल्या. प्रल्हादराव शालीत घामाघूम होऊन बसले होते. मला हळूच म्हणाले, "याची नोंद नको."

मग एक दिवस ते संस्थेच्या पत्राची छापील प्रत घेऊन माझ्याकडं आले. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत असल्यानं त्यांचा पत्रव्यवहार माझ्या गळ्यात होता.

"कडक इंग्रजीत उत्तर लिहा," ते म्हणाले. "माझ्या बापाला खोटा म्हणतायत."

पत्र नम्र होतं. म्हणणं एवढंच, की अमुक महिन्यापासून तुमच्या निरीक्षकाला एकाएकी बारीकसारीक डागही दिसू लागले आहेत, जे आधी दिसत नव्हते. बाकी जगाच्या नोंदींत सूर्य तसाच आहे. त्या अर्थी बघणारा बदलला असावा. प्रत्येकाची नजर वेगळी, म्हणून प्रत्येकाची नोंद वेगळ्या मापानं मोजावी लागते. कोण बदललं ते कळवा. नाहीतर आम्हाला यातलं काहीच वापरता येणार नाही.

"सगळ्या कागदांवर सही बाबांची आहे!" प्रल्हादराव टेबलावर हात आपटून म्हणाले. आम्ही एव्हाना त्यांच्या घरी जाऊन बसलो होतो. "आम्हाला तर गच्चीत पाऊल टाकायची बंदी होती. तिथं दुसरं माणूस येईल कुठून?"

खाली त्यांची थोरली बहीण आक्का मेथी निवडत बसली होती. गंगापूरहून गुडघे दाखवायला आली होती. तिनं विचारलं, "काय म्हणतंय ते पत्र?"

मी मराठीत सांगितलं.

"खरंय की," आक्का म्हणाली. "मीच व्हते."

"तू काय व्हतीस?" प्रल्हादराव म्हणाले. गडबडले की त्यांचं शहर सुटतं.

"वर. बाबांना दिसत नव्हतं. डोळ्यात मोतीबिंदू उतरला व्हता. शाळेत कळलं तर नोकरी जाईल म्हणून कुणाला बोलले नाहीत. मी डाग काढायचे, ते सही करायचे. सही कुठं करायची ते मी त्यांचं बोट धरून दाखवायचे."

"आणि मला वर येऊ देत नव्हते!"

"तू लहान. त्यात शेंबडा. कागदावर ठिपकला असतास, तर ह्या लोकांनी तेबी मोजलं असतं."

"पण तुला सूर्याची आवड कधी लागली?"

"आवड कशाची लागतीय?" आक्का जुडी झटकत म्हणाली. "खाली धुणं असायचं."

ज्ञानाच्या क्षेत्रातल्या कितीतरी थोर कामांमागं ही प्रेरणा असावी, असं मला तेव्हापासून वाटतं.

"हे कळवायचं नाही," प्रल्हादराव म्हणाले. मग त्याचा अर्थ त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आला. कळवलं नाही तर यादीत नाव नाही. कळवलं तर वडिलांचं नाव डोळे गेले तिथं संपणार, आणि पुढच्या प्रत्येक कागदावरची सही खोटी ठरणार. त्यांनी एक कागद उचलला आणि आयुष्यभर पोरांची चित्रं तपासलेल्या नजरेनं बराच वेळ पाहिला.

"हात चांगला आहे हिचा," ते म्हणाले. "लिहा. निरीक्षक दुसरा. आक्का, माहेरचं नाव लावू का सासरचं?"

"तेव्हा कुठं सासर व्हतं?"

मी लिहायला लागलो. प्रल्हादराव कागदांची चळत उगाच सरळ करत होते. मग बहिणीकडं न बघता म्हणाले, "वर माझा विषय निघायचा का कधी?"

"नाय. सूर्य बघताना बाबा बोलायचे नाहीत."

"बरं."

"उतरताना विचारायचे," आक्का मेथीतलं गवत वेगळं काढत म्हणाली. "पोरगं अजून जिन्यात बसलंय का, म्हणून. मी म्हणायचे, बसलंय. मग भिंतीला धरून एकेक पायरी चाचपत उतरायचे. तुझ्यावर पाय पडू नये म्हणून."

प्रल्हादरावांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. तो स्वच्छच होता. काकू उठून आत चहा टाकायला गेल्या.

"हेही लिहा," ते मला म्हणाले.

"कुठं लिहू?"

"शेरा म्हणून रकाना आहे की तिथं."

मी लिहिलं. निरीक्षणाच्या वेळी निरीक्षकाचा मुलगा रोज जिन्यात बसलेला असे, आणि निरीक्षकाला ते माहीत असे.

काही आठवड्यांनी उत्तर आलं. सर्व नोंदी दोन निरीक्षकांच्या नावे स्वीकारल्या आहेत. शेरा सूर्यासंबंधी नसल्यामुळे वगळला आहे.