लिनक्स नावाचा पोटभाडेकरू

आमच्या डोंबिवलीच्या 'सहजीवन' सोसायटीच्या संगणकात विंडोजशेजारी लिनक्सला राहू द्यावे किंवा कसे, हा प्रश्न १ सप्टेंबर १९९९ रोजी कार्यकारिणीपुढे आला. मी सोसायटीचा मानद सचिव. जे घडले ते सर्व नियमानुसार घडले, हे आधीच नमूद करतो, कारण हल्ली लोक काहीही बोलतात.

अर्ज उत्तराचा. बी विंगमधल्या काळुराम तरेंची ही मुलगी. काळुरामचा एमआयडीसीतला कारखाना बंद पडलेला, आणि हिला २८ तारखेला ठाण्याच्या एका कंपनीत मुलाखत. लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच संगणक चालवणारी दुसरी प्रणाली, हाताळता येणाऱ्यालाच तिथे घेणार होते. घरी संगणक नाही. सोसायटीचा होता, एका सभासदाने दिलेला. पाणी येणार नसल्याच्या नोटिसा त्यावर टाइप होत. एरवी तो झाकलेला असे.

"काका, विंडोजला हात नाही लावणार," उत्तरा म्हणाली. "ते आहे तिथेच राहील. डिस्कमध्ये बाजूला थोडी जागा करायची आणि लिनक्स टाकायचं. संगणक चालू करताना दोघांपैकी कोण हवं ते निवडायचं, बस. मी तीन सीडी आणलेल्या आहेत. रेड हॅट, डेबियन, स्लॅकवेअर. तिन्ही लिनक्सच. कुठलंही एक टाकू."

"म्हणजे पोटभाडेकरू," अध्यक्ष दामाजीराव भोईर म्हणाले. "भाडं किती देणार?"

"अहो, फुकट असतं ते."

फुकट म्हटल्यावर सगळेच सावध झाले. मी पोटभाडेकरूचा छापील फॉर्म काढून दिला. 'मूळ गाव' या रकान्यात तिने फिनलंड लिहिले, लिनक्सचा जन्म तिकडचा म्हणून. 'कुटुंबातील माणसे' पुढे लिहिले, भरपूर.

"सडाफटिंग नाही ना? मग माझी ना नाही," महिला प्रतिनिधी मंजुळाबाई म्हणाल्या.

राहता राहिले मूळ भाडेकरूचे ना-हरकत पत्र. विंडोजला सही करता येत नाही, म्हणून मी नोटीस टाइप करून पडद्यावरच ठेवली : 'हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे.' पंधरा दिवस संगणक कोणाला बंद करू दिला नाही, उत्तरालासुद्धा. सोळा तारखेपर्यंत हरकत आली नाही. संमती गृहीत धरली.

मग आली निवड. दामाजीरावांचा भाचा पुण्याला डेबियन वापरतो. "पोरगं भलतं हुशार आहे. डेबियनच!" मंजुळाबाईंचे जावई अमेरिकेत रेड हॅटवर काम करतात. "म्हणजे मी जावयाला खोटं पाडू होय?" स्लॅकवेअरला कोणीच वाली नव्हता. मला दया आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते सर्वोत्तम असल्याची माझी खात्रीच पटली.

आठवड्याभरात ए विंग डेबियनची झाली, बी विंग रेड हॅटची. ज्यांनी जन्मात संगणकाला हात लावला नव्हता त्यांची मते सर्वांत ठाम होती. बी विंगच्या सगुणावहिनींनी ए विंगमधून आलेले मोदक ताटासकट परत पाठवले. विसर्जनाच्या दोन मिरवणुका निघाल्या. माझ्या बाजूने मी एकटाच, त्यामुळे मी घरी बसून होतो.

पंचवीस तारखेच्या सभेत उत्तरा रडकुंडीला आली होती. "काका, पाया पडते, कुठलंही चालेल हो! तिन्ही आतून एकच आहेत. तीनच दिवस उरलेत."

"आतून एकच?" दामाजीराव ताडकन उठले. "मग आम्ही इथे काय झक मारतोय?"

"अगदी बरोबर बोललात, भाऊ," मंजुळाबाई म्हणाल्या. दोघे आठ दिवसांनी एकमेकांशी बोलत होते. "आगाऊ झालीय कार्टी!"

उत्तराच्या निषेधाचा ठराव मांडला गेला. सूचक दामाजीराव, अनुमोदक मंजुळाबाई. ठराव एकमताने मंजूर झाला. निवडीसाठी उपसमिती नेमली, निमंत्रक मी. तिची पहिली बैठक दिवाळीनंतर ठरली.

अठ्ठाविसाला संध्याकाळी उत्तरा जिन्यात भेटली. सकाळी नेसलेली आईची साडी अंगावर तशीच होती.

"काय विचारलं गं?"

"कुठलं लिनक्स वापरतेस म्हणून. मी म्हटलं, समितीपुढे आहे. ते हसले, काका. मग दुसऱ्या मुलीला घेतलं."

मला वाईट वाटले. खरेच वाटले. "पण त्यांच्याकडे कुठलं आहे, ते विचारलंस का?" मी म्हणालो. ती वर निघून गेली.

हा अहवाल मी सोसायटीच्या वार्षिक अंकात छापला. एकवीस पत्रे आली. दहा जणांनी डेबियन का, ते सविस्तर कळवले आहे. अकरांनी रेड हॅट. त्या मुलीला पुढे कुठे नोकरी लागली का, हे एकानेही विचारलेले नाही. वाचकहो, आपणही एव्हाना मनाशी एक बाजू धरलीच असेल. तेवढी पोस्टकार्डावर कळवा. बाकी काही लिहिण्याची गरज नाही.