सुशीलामावशींची पुढची पेशी

सुशीलामावशींकडे चहाला गेलं की साखर किती हे त्या नंतर विचारतात. आधी विचारतात, "ख्रिस्ताचं राज्य सनातन, की मुदतीचं?"

गॅसवाला, इस्त्रीवाला, मुलाच्या ऑफिसातले साहेब, कुणीही यातून सुटलेलं नाही. इस्त्रीवाला तर हात जोडून म्हणाला, "अम्मा, अपने को तो बस कपड़े गिन के दे दो."

उज्जैनच्या नानाखेड्यात त्यांचं घर आमच्या अगदी समोर. माहेर नगरकडचं. नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीपायी त्या इकडे आल्या आणि इथल्या कोर्टात बाबू म्हणून रिटायर झाल्या. नवरा गेला, कोर्ट सुटलं, कोर्टाची भाषा मात्र सुटली नाही. कुणी काही ठासून सांगितलं की, "कलम दाखवा." उत्तर पटलं नाही की पुढची तारीख देतात, "पुढची पेशी!" मेथीच्या जुडीचा भावसुद्धा दोन पेश्या चालतो.

त्यांचा मामला असा. देवदूत मरियेला सांगून गेला की तुझ्या मुलाच्या राज्याला अंत नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं की सगळे शत्रू पायाखाली आल्यावर शेवटी पुत्र राज्य पित्याच्या हवाली करेल. आणि बायबलच्या शेवटच्या पुस्तकात हजार वर्षांचा आकडा. "एका फाइलीत तीन हुकूम!" मावशी म्हणतात.

मी ख्रिस्ती नाही. आमचे पूर्वज इथे दरबारी दफ्तरात लिहायला आले, मी विमा ऑफिसात हिशेब लिहितो. पण बेरजा जुळत नसलेला कागद दिसला की मला जेवण जात नाही. मी त्यांच्याकडून बायबल वाचायला आणलं.

"मावशी, हजार वर्षांचं सुटलं. त्याच पुस्तकाच्या शेवटच्या पानावर युगानुयुग राज्य आहे. म्हणजे हजार हा पहिला हप्ता. एकूण चुकत नाही."

त्यांनी चष्म्यातून पान तपासलं. "मंजूर. आणि हवाली करण्याचं काय?"

"ते अवघड आहे. देऊन टाकल्यावर देणाऱ्याच्या खात्यावर उरतं शून्य."

मावशींनी बायबल मिटलं. पुढची पेशीही दिली नाही. मला वाटलं, माझं म्हणणं पटलं.

त्यांच्या चर्चचे पाळकसाहेब शांत माणूस. ते म्हणाले, "मावशी, पुत्र राज्य देतो, पण उठून जात नाही. शेवटी सिंहासन एकच आहे, देवाचं आणि कोकऱ्याचं, म्हणजे ख्रिस्ताचं."

"एका खुर्चीवर दोघं? आमच्या कोर्टात नाही पाहिलं कधी. पुढची पेशी!"

तेव्हापासून पाळकसाहेब आमच्या गल्लीत आले की स्कूटर कोपऱ्यापलीकडे लावतात.

मावशींचं स्वतःचं राज्य म्हणजे नाताळचा फराळ. त्यातही करंज्या. करंजी कापायची पितळी फिरकी त्यांच्या सासूची. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. माझी बायको मदतीला जाते, तिला फक्त लाटायची परवानगी. सून प्रीती भोपाळची, लग्न होऊन चार नाताळ झाले, पण तिची बढती तळलेली करंजी कागदावर काढून ठेवण्यापलीकडे गेली नाही.

"मम्मी, एक मैं काट लूँ?"

"पुढची पेशी."

यंदा नाताळच्या चार दिवस आधी मावशींनी मला चाखायला बशी दिली. मी खोटं बोलत नाही. "मावशी, या वेळी कडा वाकड्या आल्यात. दोन तर फुटल्यात."

"फिरकी जुनी झाली," त्या म्हणाल्या आणि उजवा हात पदराखाली नेला. तेवढ्यातही तो थरथरताना मला दिसला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊसाहेब, ख्रिस्तालासुद्धा शेवटी हवाली करावंच लागतं. मग पुढे त्याला कोण विचारतं?"

वर्षभर हा प्रश्न त्या कुणाबद्दल विचारत होत्या, ते मला तेव्हा कळलं. माझं ते शून्य मी मनातल्या मनात खोडलं.

दुसऱ्या दिवशी बायकोला हाक मारायला मी समोर गेलो. स्वयंपाकघराच्या दारातच थबकलो. मावशींनी फिरकी पुसली, प्रीतीच्या हातात ठेवली आणि बाहेरच्या खोलीकडे निघाल्या.

"मम्मी, कहाँ चलीं?" प्रीतीने पायाने स्टूल आपल्या शेजारी ओढलं. "इधर बैठो. किनारा ठीक है कि नहीं, कौन बताएगा?"

मावशी उभ्याच.

"बैठो ना! मुझसे सब फूट जाएँगी."

मावशी बसल्या. पहिली करंजी कापून झाली. "अगं, दाब जरा. कापायचीय, गुदगुल्या नाही करायच्यात." दुसरीला त्यांनी आपला थरथरता हात प्रीतीच्या हातावर ठेवला. फिरकी कडेवरून सरळ गेली.

मी न राहवून विचारलं, "मावशी, आपल्या मामल्याची पुढची पेशी कधी?"

"फैसला झाला," त्या मान वर न करता म्हणाल्या. "पाळकसाहेब जिंकले. त्यांना सांगा, स्कूटर दारात लावा म्हणावं." आणि प्रीतीला कोपर लावून म्हणाल्या, "सरक थोडी. मला नीट दिसत नाही."