गाडी कोण चालवणार?

नीवेसच्या सासूबाईंचं दिवसपाणी आटोपलं आणि फोस्कोने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. कोर्तोना, मोंतेपुल्चानो, पिएन्झा, मोंताल्चिनो. टेकड्यांवरची जुनी गावं आणि उतारावरचे द्राक्षमळे. रोविगोच्या सपाट, धुकट मुलखात जन्म काढलेल्या या नवराबायकोची ही सहल लग्नापासून लांबत आली होती. आधी साखर कारखान्याचा हंगाम, मग मुलीचं शिक्षण, मग सासूबाईंचं अंथरूण. एक मात्र पहिल्यापासून ठरलेलं होतं : फोस्को वाइन पिणार आणि नीवेस गाडी चालवणार.

आता दोघं मोकळी झाली होती, पण उन्हाळ्यात यकृताच्या डॉक्टरांनी फोस्कोला समोर बसवलं होतं.

"सिन्योर, यापुढे एक थेंबही नाही."

"जेवणाबरोबर?"

"जेवणाबरोबरही नाही."

"लग्नकार्यात?"

"तुमच्या स्वतःच्या मयताला प्यायलात तर माझी हरकत नाही."

हे त्याने नीवेसला सांगितलं नाही. एका आजाऱ्याचं करून ती आत्ता कुठे उसंत घेत होती; तिच्यासमोर दुसरा आजारी कसा उभा करायचा? तो रोज जेवताना ग्लास भरायचा आणि संधी साधून मोरीत ओतायचा.

मळे मात्र मोरीत ओतता येईनात. म्हणून तो ते एकेक करून खोडू लागला.

"हा मळा नको. मालक फार आखडू आहे म्हणतात."

"बरं," नीवेस म्हणाली. "मग कोर्तोनाही नको. रस्ता नुसता वळणांचा."

"अगं, तू आल्प्समध्ये गाडी चालवली आहेस!"

"तेव्हा माझे गुडघे तरुण होते."

"गाडी काय गुडघ्यांनी चालवतात?"

"मग क्लच कशाने दाबतात? कपाळाने?"

पिएन्झाला चढ आहे म्हणून पिएन्झा गेलं. मोंताल्चिनोची वाइन डोक्यात चढते म्हणून फोस्कोने ते घालवलं. होता होता नकाशावर आरेत्झोचं रेल्वे स्टेशन आणि त्यासमोरचं पार्किंग एवढंच उरलं. ते पाहायला इतकी वर्षं कोणी वाट पाहत नाही, हे दोघांनाही कळत होतं. याला आपल्याबरोबर जायचंच नाहीये, असं नीवेसने मनाशी धरलं. फोस्कोनेही तिच्याबद्दल तेच धरलं. स्वयंपाकघरात बोलणं जवळजवळ बंद झालं.

शेवटी फोस्कोलाच राहवेना. "ओलिंदोला घेऊ या का बरोबर?"

"घेऊ या की!" नीवेस इतक्या पटकन म्हणाली, की त्याला थोडं वाईटच वाटलं.

ओलिंदो त्यांचा जुना शेजारी. बायको गेल्यापासून एकटाच राहायचा. जन्मभर त्याने गावातली मयताची गाडी चालवली होती, त्यामुळे हसणं त्याच्या अंगवळणी पडलं नव्हतं. बोलावणं ऐकून त्याने नवी टोपी विकत घेतली.

फोस्कोने त्याला अंगणात गाठलं. "हे बघ, मळ्यावर माझा ग्लास तू प्यायचास. हळूच. नीवेसला कळता कामा नये." आणि कारण सांगितलं.

नंतर नीवेसने त्याला बाजारात गाठलं. "ओलिंदो, गाडी तू चालवायचीस. तुला हौस आहे असं म्हण. माझं लायसन्स नाही वाढवून दिलं त्यांनी. डोळे गेले रे माझे. समोर बघते तर मधोमध नुसता धूसर डाग. आत्ता तुझी टोपी दिसतेय, खाली तोंड दिसत नाही. फोस्कोला सांगू नकोस. मुश्किलीने मोकळा झालाय बिचारा."

प्यायचं तर गाडी चालवता येत नाही, चालवायची तर पिता येत नाही. ओलिंदोला सहलीच्या आधीच अपचन झालं.

निघायच्या सकाळी दाट धुकं होतं. फोस्को नेहमीप्रमाणे चालकाच्या शेजारी बसला. "तुम्ही दोघं बाप्ये पुढे बसा," म्हणून नीवेस मागे बसली. ओलिंदोने आभाळाकडे एकदा बघितलं आणि तोही तिच्या शेजारी मागेच बसला. चालकाची जागा रिकामी. काचांवर तिघांच्या श्वासांची वाफ साचत गेली.

"नीवेस, पुढे ये ना."

"ओलिंदो चालवणार आहे."

"तो कसा चालवेल? तो पिणार आहे."

"तो कशाला पिईल? तू आहेस ना प्यायला!"

ओलिंदोने टोपी काढून मांडीवर ठेवली. "माझ्या गाडीत मागे जे कोणी झोपायचे, त्यांनी मला कधी गुपितं सांगितली नाहीत. फार चांगली माणसं. याला पिता येत नाही, हिला दिसत नाही. आता मला उतरू द्या."

फोस्को मागे नीवेसकडे वळला.

"कधीपासून?" फोस्कोने विचारलं.

"उन्हाळ्यापासून. आणि तुझं?"

"माझंही. अगं, मी रोज तुझ्यासमोर वाइन ओतून देतोय!"

"मला वाटलं, ग्लास विसळतोयस. म्हटलं, उतारवयात का होईना, सुधारला."

आणि तिला रडू फुटलं. फोस्को खाली उतरला. तो गाडीला वळसा घालून चालकाच्या जागेवर जाऊन बसला.

"कुठे?" नीवेसने नाक पुसत विचारलं.

"कोर्तोना."

"वळणं आहेत."

"मला दिसतात."

दुपारी ते कोर्तोनावरून मोंतेपुल्चानोजवळच्या एका मळ्यावर पोहोचले. मालकाने फोस्कोपुढे ग्लास ठेवला. त्याने तो नीवेसकडे सरकवला. तिने घोट घेतला.

"कशी लागते?"

"वाइनसारखी."

"नीट सांग ना गं."

"आंबट. मग मागाहून... तुझ्या आईच्या कपाटाचा वास येतो तशी."

फोस्को म्हणाला, "म्हणजे उत्तम आहे."

नीवेसने खिडकीकडे तोंड वळवलं. "समोर काय आहे?"

फोस्कोने पाहिलं. डोंगर ओलांडला तरी धुक्याने पाठ सोडली नव्हती. काचेपलीकडे नुसतं पांढरं होतं. टेकडी नाही, गाव नाही.

"टेकडी आहे," तो म्हणाला. "वर गाव. चर्चचा मनोरा. खाली मळे पिवळे पडलेत."

मळ्याचा मालक काही बोलणार होता, तेवढ्यात ओलिंदोने त्याच्यापुढे आपला रिकामा ग्लास धरला.

"मनोरा केवढा आहे?" नीवेसने विचारलं.

"बराच उंच. कबुतरं बसलीत. शेजारच्या गच्चीवर एक बाई चादरी वाळत घालतेय."

"या हवेत?"

नीवेसने ग्लास संपवून खाली ठेवला आणि चाचपत त्याचा हात धरला.

"धुकं मलाही दिसतं, फोस्को. चादरी कसल्या आहेत ते सांग."